ड सात

गणिताच्या चौकटीच्या वहीचं मधलं पान,
पिना वर करून अलगद काढलेलं:
आमचा समुद्र.
वर आकडे, बाजूला अक्षरं,
पाच घरांची एक बोट, चारची एक, तीनच्या दोन,
आणि दोन घरांची पाणबुडी,
जी कायतान नेहमी कोपऱ्यात लपवायचा,
आणि ते मला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक होतं.

सड्यावरच्या शाळेत शेवटचा बाक,
मध्ये कंपासपेटी उभी.
मी हुकलो की तो म्हणे, उदक.
तो हुकला की मी म्हणे, पाणी.
खिडकीखाली खरं बंदर होतं,
खनिजाच्या बार्जी तांबड्या तोंडाने रांगेत उभ्या.
त्यांच्याकडे बघायला आम्हाला वेळ नव्हता.

एकदा तो मुतायला गेला तेव्हा
मी त्याचं पान उचलून तिरक्या उजेडात धरलं.
खोडलेली बोट कागदावर राहतेच,
शिसं जातं, चर राहतो.
तीन ठिकाणी होती त्याची पाणबुडी.
मी काही बोललो नाही.
माझीही एक बोट त्या आठवड्यात फिरतीवर होती.

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात त्याचे पप्पा, आंतोन तारवटी,
हांबुर्गहून सुट्टीवर आले
टॉवेलात गुंडाळलेला कॉम्प्युटर घेऊन.
कॅसेट लावायची, मग पाच मिनिटं
खारीवाड्यात बर्फ फोडतात तसा किरकिराट,
आणि टीव्हीवर
आमचाच कागद उगवायचा,
काळा, हिरव्या रेघांचा, कुणाच्याच अक्षरातला नाही.

बोट लागली की स्फोट, सहा ठिपक्यांचा.
हुकलं की एक जर्मन शब्द.
पप्पांनी वाचून दाखवला: वासर.
म्हणजे उदकच रे, म्हणाले.
पुढचा आठवडाभर आम्ही
एकमेकांना वासरू म्हणून हाक मारली.

एकाने बोटी मांडताना दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करायचं.
भिंतीवर सां जुझे, काचेच्या चौकटीत,
आणि काचेत टीव्ही.
मी देवाकडे पाहत पाहत सगळं आरमार पाठ केलं
आणि सलग हरलो.
आरशात दोनचा नऊ होतो
हे कळायला मला शनिवार उजाडला.
कायतानच्या आईला वाटत होतं
हिंदूंचा मुलगा असून किती भाविक आहे.

पण यंत्रात बोट सरकत नव्हती.
मांडली तिथे मांडली. वासर म्हणजे वासर.
डाव दहा मिनिटांत संपायचे,
भांडण एकही व्हायचं नाही,
आणि लाइट गेली की
दोघांचे समुद्र एकदम नाहीसे.
जूनमध्ये पप्पा जहाजावर परतले,
कॅसेटीला बुरशी लागली,
आम्ही पुन्हा वहीची पानं फाडू लागलो.

आता कायतान स्वतः तारवटी,
कसल्याशा टँकरवर दुसरा इंजिनियर.
परवा माझ्या भाच्याने तो जुना खेळ
फोनवर कुठूनसा उतरवून दिला,
तेच हिरवे चौकोन, तोच शब्द.
यंत्राशी खेळलो. यंत्र जिंकलं.
त्याला विचारायला कुणी नव्हतं, खरंच का रे?

म्हणून मार्चपासून आम्ही कागदावर खेळतोय,
तो समुद्रात, मी बोगद्याजवळच्या गॅलरीत.
रेंज आली की त्याचा निरोप येतो, एवढाच:
ब चार.
मी लिहितो: पाणी.
कधी नऊ दिवसांनी: ड सात.

माझी एकच बोट उरलीय, दोन घरांची.
ड सातवरच होती.
मी चहा ठेवला, रबर शोधलं,
तिला फ आठवर नेली, मग उत्तर दिलं, उदक.
तो लगेच म्हणाला, वासरा, खोटारड्या,
पुढचा मारा सुएझ ओलांडल्यावर.

कागद त्या कोपऱ्यात इतका पातळ झालाय
की खालची बार्ज दिसते.